चौथ्यांदा केलेला आग्रह

सोमवारी सकाळी लादन सरमद आईकडे आपलं चित्र न्यायला आली, तेव्हा भिंतीवर नुसते दोन खिळे होते. खिळ्यांखाली तिची आई, बेहजत खानम, काकडी सोलत बसली होती. सालं ती इतकी बारीक काढत होती, की तिने काहीतरी करून ठेवलंय हे लादनला तिथेच कळलं.

"मामान, चित्र कुठंय?"

"आधी बस तरी. चहा झालाय."

"चित्र कुठंय?"

"खाली आहे."

"खाली म्हणजे? जिन्यात?"

"जिन्यात कशाला ठेवीन. मेहरअंगीज खानमकडे आहे. तिच्या भिंतीवर." बेहजत खानमने काकडीला मीठ लावलं. "छान दिसतंय म्हणे तिथे."

लादन एकेचाळीस वर्षांची होती आणि तेहरानच्या युसुफाबाद भागातल्या चढावरच्या या इमारतीतच लहानाची मोठी झाली होती. त्यामुळे काय घडलं असेल, ते तिला पुढचं न ऐकताच समजलं. तरीही तिने सगळं ऐकून घेतलं, कारण आई सांगितल्याशिवाय राहणार नव्हती.

घडलं होतं ते असं. दुसऱ्या मजल्यावरची मेहरअंगीज खानम गुरुवारी चहाला आली. ही बाई इमारतीची व्यवस्थापक. लिफ्टमध्ये सूचना चिकटवणं आणि त्या पाळल्या जातात की नाही हे दाराच्या फटीतून बघणं, या दोन कामांत तिचं वैधव्य चांगलं चाललं होतं. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, किती सुंदर आहे. आता तेहरानात तुमच्या घरातल्या वस्तूला कोणी सुंदर म्हटलं, तर तुम्ही "तुमचंच आहे, घेऊन जा" असं म्हणायचं असतं. पाहुण्याने "छे छे" म्हणायचं असतं. असं तीनदा झालं की दोन्ही बाजूंची अब्रू राहते, वस्तू जागच्या जागी राहते आणि चहा थंड होतो. याला तारोफ म्हणतात आणि तो न येणाऱ्या माणसाला लोक जनावरात काढतात.

"तिने तीनदा नको म्हटलं?" लादनने विचारलं.

"अगदी रीतसर. तिन्ही वेळा छातीवर हात ठेवून."

"मग?"

"मग मी चौथ्यांदा म्हटलं."

लादन खुर्चीत बसली. "का, मामान?"

"का म्हणजे? माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा एकवीस दिवस त्या बाईने मला जेवण आणून दिलं. एकवीस दिवस, रोज वेगळी भाजी. आणि मी तिला काय दिलं, तर आंबट चेरीच्या मुरांब्याची एक बरणी. वर्षभर मला तिच्यासमोर लिफ्टमध्ये उभं राहवत नाहीये. तिसऱ्यांदा ती नको म्हणाली आणि मला वाटलं, हिला वाटत असणार, बेहजत वरवरचं बोलतेय."

"पण तू वरवरचंच बोलत होतीस."

"हो, पण तसं वाटायला नको ना."

चौथ्या आग्रहाला उत्तर ठरलेलं नाही, हीच त्यातली गोम. मेहरअंगीज खानमही गोंधळली असणार. चौथ्यांदाही नको म्हणावं, तर देणाऱ्याचा अपमान. तेव्हा ती हो म्हणाली, आणि तिच्या जावयाने ते दीड मीटर लांबीचं चित्र जिन्याने खाली नेलं. बेहजत खानमने वर उभं राहून त्याला वळणावर सांभाळून जायला सांगितलं.

"आणि देताना तिला काय म्हणालीस?"

"काय म्हणणार, म्हणतात तेच. तुमच्यापुढे याची काय किंमत. पोरगी आपली वेळ जायला काढत असते."

लादनने खायला घेतलेली काकडी खाली ठेवली. आई असं बोलते, सगळेच आपल्या मुलांबद्दल असं बोलतात, हे तिला माहीत होतं. तरीही ते तिला लागलं.

शुक्रवारी तिच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. नऊ वर्षांनी तिची एकटीची चित्रं भिंतीवर लागणार होती. एकूण चौदा, आणि त्यातलं मधलं, निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं, हेच. तिच्या तळघरातल्या स्टुडिओत ओल होती म्हणून ते आईकडे सुखरूप ठेवलं होतं.

तेहरानात चित्रकाराला विषय लागतो. एकदा विषय ठरला की तो लग्नासारखा निभवावा लागतो. अर्झंग डाळिंबं काढतो. वीस वर्षं झाली, त्याने घरात डाळिंब आणायचं सोडलंय. शहला जुन्या राजवाड्यातल्या जाड भुवयांच्या बायका काढते आणि त्यांच्या हातात मोबाइल देते. एकजण अक्षरं काढतो, जी वाचता येत नाहीत. वाचता आली तर विकली जात नाहीत, असं तो स्वतःच सांगतो. एकाने आटलेलं सरोवर धरलंय आणि पाऊस चांगला झाला की तो चिंतेत पडतो. लादनचा विषय होता रिकामी जागा. तिच्या प्रत्येक चित्रात जमिनीवर जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरलेला असे, भात वाढलेला असे, भोवती माणसं दाटीवाटीने बसलेली असत, आणि दारापासून सगळ्यात लांबची, वरची, मानाची जागा रिकामी असे.

त्या जागेवर आजवर बरंच लिहून आलं होतं. एकाला तीत देश सोडून गेलेली पिढी दिसली, दुसऱ्याला युद्धातून न परतलेले भाऊ दिसले. तिसऱ्याने थेट ईश्वराचं नाव घेतलं. खरी गोष्ट एवढीच होती की लादनच्या लहानपणी त्या जागेवर कोणी बसतच नसे. काका मामाला म्हणे, तुम्ही वर बसा. मामा म्हणे, तुमच्यासमोर माझी काय लायकी. शेवटी सगळे दाराजवळ कोंबून बसत, भात निवून जाई आणि वरची जागा तशीच राही. ही गोष्ट तिने गॅलरीच्या मालकाला, तिर्दादला, एकदा सांगितली होती. तो हळवा होऊन म्हणाला होता, "फार सुंदर. पण लादन जान, हे कुणाला सांगू नकोस."

तिर्दाद सगळ्यालाच सुंदर म्हणे. तो रंगवलेल्या भिंतीला सुंदर म्हणे आणि न रंगवलेल्यालाही. सगळं शहरच तसं होतं. एकोणीस वर्षं लादन चित्रं काढत होती आणि एकोणीस वर्षं लोक तिला सांगत होते की तुझे हात कधी दुखू नयेत, तुझ्या डोळ्यांना दृष्ट न लागो. विकत घेणारेसुद्धा असे घेत, की कौतुक करून बसलो, आता मागे कसं फिरायचं. आपलं चित्र खरंच कुणाला आवडलंय की नाही, हे तिला आजवर एकदाही कळलेलं नव्हतं. आणि विचारण्यात अर्थ नव्हता, कारण विचारलं की लोक आणखी कौतुक करत.

तिने तिर्दादला फोन करून चित्र हातात नसल्याचं सांगितलं. त्याने अतिशय गोड आवाजात सांगितलं की अजिबात जिवाला लावून घेऊ नकोस, तुझं प्रदर्शन म्हणजे आमच्या डोळ्यांची बुबुळं, गुरुवारपर्यंत चित्र नाहीच आलं, तर आपण ते सावकाश पुढच्या वर्षी करू. म्हणजे तसं झालं तर शुक्रवारपासूनची भिंत अर्झंगच्या डाळिंबांना जाणार होती.

"मी जाऊन मागते," फोन ठेवून लादन म्हणाली.

"मागतेस?" बेहजत खानमने गालावर हात ठेवला. "दिलेली वस्तू मागतेस? त्यापेक्षा मला घर बदलायला सांग."

"मग दुसरा काही उपाय सांग."

उपाय आईनेच काढला, आणि तो वाईट नव्हता. दोघींनी बुधवारी संध्याकाळी मेहरअंगीज खानमकडे जायचं. लादनने चित्राकडे बघून म्हणायचं, इथे किती सुंदर दिसतंय. मग मेहरअंगीज खानमला म्हणावंच लागेल, तुमचंच आहे, घेऊन जा. आणि लादनने पहिल्याच झटक्याला हो म्हणायचं.

"पहिल्याच?"

"पहिल्याच. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. कलाकार आहेस, तुला थोडं वेडं असलेलं चालतं."

मंगळवारी त्यांनी तालीम केली. बेहजत खानम मेहरअंगीज झाली, चहा उकळायचा समोवर म्हणजे चित्र. "तुमचंच आहे, घेऊन जा," बेहजत खानम म्हणाली. "छे छे, काहीतरीच," लादन म्हणाली आणि तिने जीभ चावली. पाचव्या प्रयत्नात तिला "बरं, नेते" म्हणता आलं, पण ते इतकं खालच्या आवाजात की आईने ते तीनदा पुन्हा म्हणवून घेतलं.

बुधवारी पाच वाजता दोघी मिठाईचा खोका घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या. उंबरठ्यावर आधी आत कोणी जायचं यावर मायलेकींत जरा वेळ गेला. मग चहा आला, मग पिस्ते, मग फळांची आणि काकड्यांची ताटली. चित्र जेवणाच्या टेबलासमोर होतं. टेबलाला सहा खुर्च्या होत्या आणि पाच खुर्च्या पलीकडे भिंतीला सरकवून ठेवलेल्या होत्या.

बेहजत खानमने लेकीच्या पायावर पाय दिला.

"मेहरअंगीज खानम," लादन म्हणाली, "इथे चित्र किती सुंदर दिसतंय."

"तुझ्यावरून ओवाळून टाकलं," मेहरअंगीज खानम म्हणाली. "तुझंच तर आहे, घेऊन जा."

"छे छे," लादनच्या तोंडून गेलं, "तुमच्याच भिंतीला शोभतं ते."

बेहजत खानमच्या घशात पिस्ता अडकला. तिला पाणी दिलं, पाठ थोपटली. मग इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर बोलणं झालं. टाकी संपल्यावर लादनने पुन्हा धीर केला आणि म्हणाली की उजेडसुद्धा कसा नेमका पडतोय त्याच्यावर.

"तू म्हणशील तर आत्ता उतरवते. जावयाला बोलावते."

"देव करो आणि तुमचा जावई शंभर वर्षं जगो," लादन म्हणाली. "त्याला कशाला त्रास?"

हे बोलून झाल्यावर तिला रडावंसं वाटलं. आईकडे बघायची तिची छाती होईना. एकोणीस वर्षांचं काम गळ्याशी आलेलं, आणि आपली जीभ आपल्याच विरुद्ध फितूर. ती निघायला उठली. दाराशी मेहरअंगीज खानम तिसऱ्यांदा म्हणाली, "खरंच सांगते, चित्र न्या. मला कसंतरीच वाटतंय."

"बरं," लादन म्हणाली. आणि मग ऐकू आलं, तिचाच आवाज पुढे म्हणत होता, "बरं, आम्ही निघतो आता. फार त्रास दिला."

संपलं. तीनदा विचारून झालं, तीनदा नको म्हणून झालं. बेहजत खानमने एक बूट घातला होता आणि दुसरा हातात होता. ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली,

"मेहरअंगीज, ते चित्र परत दे."

खानम नाही, तुम्ही नाही. चाळीस वर्षांत या दोन बायकांनी एकमेकींना एकेरीत हाक मारली नव्हती.

"मी ते मनापासून दिलंच नव्हतं," बेहजत खानम म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तोंडदेखलं बोलत होते, थांबता आलं नाही. हिचं शुक्रवारी प्रदर्शन आहे. ते नसलं तर होणार नाही. आणि वेळ जायला काढते म्हणाले, तेही खोटं. पोरीने त्याच्यापायी आठ महिने पाठ मोडून घेतलीय. आता तुला मला काय म्हणायचं ते म्हण."

मेहरअंगीज खानमने दार लावून घेतलं, दोघी आतच होत्या, आणि ती परत जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

"तुम्ही मिठाई घेऊन आलात तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली. "बुधवारी मिठाई कोण आणतं. मी तीनदा न्या म्हणाले ते एवढ्याच भरवशावर, की ही पोरगी चांगल्या घरातली आहे, नेणार नाही. आता तू खरं बोललीस, तर मलाही बोलू दे. मला ते द्यायचं नाही."

"म्हणजे?" बेहजत खानमने विचारलं.

"म्हणजे द्यायचं नाही. गुरुवारी आणलं तेव्हा वाटलं, ही काय पीडा गळ्यात पडली, आता कुठे लावू. लावलं इथे. मी इथेच जेवते, एकटी. पहिल्या दिवशी म्हटलं, ही अकरा माणसं कोणाची वाट बघतायत? दुसऱ्या दिवशी मला त्यांचा राग आला. अरे, बसा की कुणीतरी वर, भात गार होतोय. तिसऱ्या दिवशी मी ते मोठ्याने म्हणाले. त्या हिरव्या शालीवालीला म्हणाले, तू बस, तुझा हक्क आहे, सगळा स्वयंपाक तू केलायस. आता मी रोज दुपारी त्यांच्याशी भांडते. दोन घास जास्त जातात."

लादन खाली बसली. चप्पल पायातच होती.

"आणि एक सांगू का," मेहरअंगीज खानम तिच्याकडे वळली, "डावीकडच्या म्हाताऱ्याचा हात चुकलाय. त्या हाताने चमचा उचलणार नाही."

तो हात लादनने नऊ वेळा खरवडून पुन्हा काढला होता. नवव्यांदा दमून तसाच सोडून दिला होता. चित्र तिर्दादने बघितलं होतं, पत्रिकेसाठी दोन पानं लिहिणाऱ्याने बघितलं होतं, शहला, अर्झंग, सगळ्यांनी बघितलं होतं. हात कुणालाच दिसला नव्हता, किंवा दिसला असला तरी सगळ्यांचं तोंड भिडेने शिवलेलं होतं.

"चुकलाय," लादन म्हणाली. "मला माहितीये. मला जमला नाही."

"तरी मला ते हवंय," मेहरअंगीज खानम म्हणाली. "हातासकट."

लादनने चित्राकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "बारा दिवस द्या. बारा दिवस प्रदर्शन आहे. तेराव्या दिवशी मी स्वतः आणून लावते."

"लिहून देशील?"

बेहजत खानमने डोळे वटारले. शेजारणीकडून लिहून घेणं म्हणजे तिला सरळ चोर म्हणणं. पण मेहरअंगीज खानम उठून कागद आणि निळं पेन घेऊन आली. लिफ्टमध्ये सूचना लावताना वापरते त्याच ठसठशीत अक्षरात तिने लिहायला घेतलं आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत गेली. चित्र चौकटीसह उसनं दिलं आहे. ओरखडा पडता कामा नये. तेराव्या दिवशी, बुधवारी, सकाळी दहा वाजता परत. विकायचं नाही, कितीही कोणी मागितलं तरी.

"गॅलरीत विकलेल्या चित्राखाली तो लाल ठिपका लावतात ना," ती थांबून म्हणाली, "तो पहिल्याच दिवशी लावायचा. लोक यायच्या आधी. ते मी इथे लिहू का?"

"लिहा," लादन म्हणाली.

"आणि हात दुरुस्त करायचा नाही. मला त्याची सवय झालीय."

तेही लिहिलं. लादनने सही केली. तिची सही शहरात बऱ्यापैकी ओळखीची होती, पण आज ती शाळकरी पोरीच्या सहीसारखी वाकडीतिकडी आली. मेहरअंगीज खानमने सही चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीशी ताडून पाहिली, कागदाची घडी घातली आणि कपाटात कुलपाआड ठेवली. मग तिघींनी मिळून चित्र उतरवलं. जाताना तिने पुन्हा या म्हटलं नाही, जेवून जा म्हटलं नाही, मिठाईचा खोका परत न्यायचा आग्रह केला नाही. चित्र दाराबाहेर गेलं तसं तिने दार लावून घेतलं.

मायलेकी चित्र धरून जिन्यात उभ्या राहिल्या.

"बघितलंस?" बेहजत खानम कुजबुजली. चाळीस वर्षांत तिचा असा अपमान झाला नव्हता. "लिफ्टपर्यंत सोडायलासुद्धा आली नाही."

लादनने चित्र भिंतीला टेकवलं, पायरीवर बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता तिला हसू येत होतं, त्यामुळे आईला आधी कळेचना की हिला नेमकं झालंय काय.

"तिला आवडलंय, मामान," शेवटी लादन म्हणाली. "तिला माझं चित्र खरंच आवडलंय."

"हो, दिसतंय खरं," बेहजत खानम म्हणाली. मग तिने हातातला बूट पायात घातला आणि चित्राचं एक टोक उचललं.